कडाकण्यांची माळ

आमच्या क्वार्टरमध्ये शांतता अशी कधी नव्हतीच. मागच्या कुंपणापलीकडं यार्ड होतं आणि यार्डात तीन मोठे ट्रान्सफॉर्मर अहोरात्र घुमत असायचे. नवा पाहुणा आला की त्याला पहिल्या रात्री झोप लागायची नाही, आणि आम्ही कुणाकडं पाहुणे म्हणून गेलो की आम्हाला लागायची नाही. पन्हाळ्याला आत्याकडं गेलं की मी अंथरुणावर उठून बसायची आणि आईला विचारायची, "बंद का पडलं गं?" आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या घुमण्यावरून वेळ कळायची. जेवता जेवता घास हातात धरून ते थांबायचे आणि म्हणायचे, "फौंड्र्या सुटल्या." आई म्हणायची, "फौंड्रीवाले जेवायला गेल्यात, तुम्ही बी जेवा की." आज मी राहते त्या फ्लॅटमध्ये फ्रीज सोडला तर काही घुमत नाही. झोप येत नाही ते वयामुळं, असं डॉक्टर सांगतात. मी मान हलवते आणि गोळ्या घेऊन घरी येते.

आप्पा ज्या सरकारी खात्यात होते त्याचं नाव इतकं लांबलचक होतं की गेटवरच्या पाटीवर ते तीन ओळींत बसवलं होतं. आम्ही नुसतं 'खातं' म्हणायचो. डोंगरातल्या धरणांवर तयार होणारी वीज तारांवरून कोल्हापूरपर्यंत आणायची आणि इथून मोठमोठ्या गिऱ्हाइकांना विकायची, हे खात्याचं काम. आप्पा कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. सकाळी सहाला धरणावरून फोन यायचा. आज पाणी किती, मशीनं किती फिरणार, एवढं आप्पा कागदावर उतरून घ्यायचे आणि मग एकेका गिऱ्हाइकाला फोन लावून सांगायचे, तुम्हाला सकाळी एवढं मिळेल, दुपारी तेवढं. पलीकडून घासाघीस व्हायची. कुणी लाडीगोडी लावायचं, कुणी दम द्यायचं. "मी पाण्याचा दलाल हाय," आप्पा म्हणायचे. "मंडईतल्या दलालाला निदान माल तरी डोळ्यांनी दिसतोय. मला त्यो बी दिसत न्हाय." घरातसुद्धा त्यांची भाषा तीच. आई चिडली की ते हळूच मला म्हणायचे, "आज लोड वाढलाय, लांब ऱ्हा."

आप्पा देवभोळे होते, आणि नियमाला पक्केही होते. या दोन्ही गोष्टी एका माणसात सुखानं नांदू शकतात असं मला तेव्हा वाटायचं. शर्टाच्या खिशात खात्याच्या नियमांची छोटी पुस्तिका आणि तिच्यात ठेवलेलं अंबाबाईच्या देवळातलं वाळलेलं फूल. दर तासाला मीटर बघून आकडे लिहायचे, त्यात एका मिनिटाची हयगय नाही. मीही लिहायला तिथंच शिकले. रद्दी झालेल्या लॉगशीटच्या कोऱ्या पाठीवर आप्पांनी माझी बाराखडी गिरवून घेतली. पुढं मी शाळेत मराठी शिकवलं, हजारभर पोरांना वाचायला लावलं. त्याचं मूळ त्या रद्दीत आहे.

शेजारच्या क्वार्टरमध्ये दत्तूकाका राहायचे. लाइनवर चढणाऱ्या गँगचे ते मुकादम, आजऱ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातले. अंगानं शिडशिडीत, आवाजानं मात्र असे की टॉवरवरून त्यांनी शिवी दिली तर ती खालच्या चार शेतांत वाटून जावी. सुट्टीवरून येताना ते गावाकडचा घनसाळ तांदूळ आणायचे. पारूकाकीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, भात टाकला की वास आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि आईच्या आमटीकडं कुणी बघायचं नाही. मग पारूकाकी पातेलीत भात घालून कुंपणावरून द्यायची. ती तेव्हा पंचविशीची असेल. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला विष्णू झाला होता. तो दीड वर्षाचा, सतत तिच्या कडेवर. तिला लिहावाचायला येत नव्हतं. "शालू, मला सही तरी शिकीव की गं," ती म्हणायची, आणि मी पाटी घेऊन गेले की तिचं पोर ती पाटी चाटायचं. दोन अक्षरांच्या पुढं आम्ही कधी गेलो नाही. आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'मी जातो, मी येतो' असंच बोलायचो. "उद्या येतो काकी," म्हणून मी पळायची. तो उद्या राहूनच गेला.

पुढचं समजायला एक गोष्ट सांगायला हवी. लाइनवर काम करायचं झालं तर मुकादमानं कंट्रोल रूममध्ये येऊन परमिट घ्यायचं. ऑपरेटर पॅनेलवरचं हँडल फिरवून त्या लाइनचा पुरवठा बंद करायचा आणि परमिटच्या रजिस्टरात नोंद करून मुकादमाची सही घ्यायचा. मग भिंतीवर खुंटीला टांगलेल्या लाकडी बोर्डांतला एक लाल बोर्ड मुकादमानं स्वतःच्या हातानं त्या लाइनच्या हँडलला अडकवायचा. काम संपलं की त्यानंच येऊन तो काढायचा आणि रजिस्टरात परत सही करायची. दुसऱ्या कुणी बोर्डाला हात लावायचा नाही, साहेबांनीसुद्धा नाही. ज्याचा जीव वर, त्याचाच हात बोर्डावर, असं आप्पा म्हणायचे. मला हे ठाऊक होतं का? होतं. शंभरदा ऐकलं होतं. पण शंभरदा ऐकलेलं माणसाच्या कानावरून जातं, आणि मी चौदा वर्षांची होते.

खंडेनवमीला आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठी धांदल. हत्यारांची पूजा, आणि खात्याकडं हत्यारं केवढी! आदल्या दोन दिवसांपासून सगळ्या कॉलनीत कडाकण्या तळल्या जायच्या. रवा-मैद्याच्या, पुरीएवढ्या, खुसखुशीत, मधोमध भोक पाडलेल्या. त्या दोऱ्यात ओवून देवीच्या घटावर फुलोरा बांधतात. आमच्या कॉलनीत तो फुलोरा पॅनेलवरच्या हँडलांनाही बांधायचे. ही पद्धत कुणी पाडली कोण जाणे, पण चारही लाइनींच्या हँडलांवर झेंडू आणि कडाकण्यांच्या माळा लोंबल्याशिवाय कुणाचं समाधान व्हायचं नाही. फौंड्र्या त्या दिवशी बंद. त्यांचीही पूजा असते. त्यामुळं खात्याची एक सवयच होती की फौंड्री लाइनवरचं साठलेलं काम खंडेनवमीला उरकून घ्यायचं. गिऱ्हाईक मागत नाही तेव्हा लाइन बंद ठेवायला बरं.

त्या दिवशी सकाळी आठला दोन परमिटं गेली. एक पन्हाळा लाइनचं, दुसरं फौंड्री लाइनचं. फौंड्रीचं दत्तूकाकांनी घेतलं. पन्हाळ्याची गँग दहालाच परत आली, त्यांच्या मुकादमानं बोर्ड काढला, सही केली आणि तो आंघोळीला गेला. त्यानंतर आप्पांनी पूजा मांडायला घेतली. मोठा पाट, त्यावर पांढरं कापड. पकडी, पाने, रबरी हातमोजे, दोरखंड, टॉर्च आणि मधोमध सगळी रजिस्टरं एकावर एक. शाळेतली पोरं दप्तर ठेवतात तशी. पूजेला ठेवलेलं पुस्तक उत्तरपूजा होईपर्यंत उघडायचं नाही, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आप्पांनी रजिस्टरांना हळदीकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि नारळ घेऊन ते मोठ्या ट्रान्सफॉर्मरची पूजा करायला यार्डात गेले.

हँडलांना माळा बांधायचं काम माझ्याकडं होतं. आईनं घरून निघताना बजावलं होतं, "एक बी हत्यार पूजंबिगर ऱ्हायला न्हाय पायजे. गेल्या साली करवत इसरली आणि वरीसभर कटकट झाली." मी स्टुलावर चढून माळा बांधत गेले. तीन झाल्या. चौथ्या हँडलला लाल बोर्ड अडकवलेला होता आणि माळ तिथं बसेना. कडाकणी बोर्डाच्या कडेला लागून मोडायला लागली. मी बोर्ड काढला. मनात कसलाही विचार आला नाही, हे मी देवाशपथ सांगते; एवढंच आलं की हेही हत्यारच आहे आणि याची पूजा राहिलीच असती. मी तो पाटावर हातमोज्यांच्या शेजारी नीट ठेवला आणि माळ बांधली. एकही कडाकणी मोडली नाही. तेवढ्यात कॉलनीतल्या बायका ताटं घेऊन आल्या. पारूकाकी पुढं, कडेवर विष्णू. तिनं पाटावर मांडलेल्या एकेका वस्तूला हळदीकुंकवाची बोटं लावली, एकही सोडली नाही, आणि मला म्हणाली, "किती गं ग्वाड मांडलंयस!" मग बायका यार्डाकडं गेल्या. मी फुलं नीट करत मागं राहिले.

आप्पा परत आले तेव्हा फोन वाजत होता. एक फौंड्रीवाला होता, आप्पांच्या चांगल्या ओळखीचा. फोनवर ओरडून बोलायची त्याची सवय, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. त्यांची पूजा आटोपली होती. पूजेनंतर मशीन एकदा फिरवून दाखवायचं असतं, नाहीतर पूजा पुरी होत नाही. "आप्पा, भटजी खोळंबल्यात. मुहूर्त टळतोय की. पाचच मिनिटं द्या, मग दिवसभर बंद ठेवा!" आप्पा म्हणाले, "थांबा, बघतो." त्यांनी पॅनेलकडं बघितलं. बोर्ड नव्हता. "दत्तू यिऊन गेला वाटतं. आंघोळीला पळाला आसंल," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी रजिस्टराकडं हात नेला.

तो हात मला आज या टेबलावरच्या पेनाइतका स्पष्ट दिसतो. रजिस्टरावर फूल होतं, कुंकू होतं. हात वितभर अंतरावर थांबला. आप्पांनी तो मागं घेतला, कपाळाला लावला आणि ते हँडलकडं गेले. कडाकण्यांची माळ त्यांनी अलगद बाजूला सारली. मी दोन पावलांवर उभी होते. "आप्पा, बोर्ड मी काढलाय," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी माळेकडं बघत होते. ती तुटेल म्हणून मला काळजी वाटत होती.

हँडल फिरलं, यार्डात नेहमीसारखा धाडकन आवाज झाला आणि लगेच तसाच दुसरा. लाइन ट्रिप होऊन आपोआप बंद पडली होती. दिवे एकदा मिणमिणले. काय झालं ते आप्पांना त्या दुसऱ्या आवाजातच कळलं होतं. काम खरं म्हणजे संपलं होतं. दत्तूकाकांनी गँगला "चला, परसाद संपंल" म्हणून पुढं पाठवलं होतं आणि तारेतली वीज जमिनीत उतरवणारी आर्थिंगची साखळी सोडायला ते एकटे वर राहिले होते. साखळी तारेवरून निघाली आणि त्यांनी पाय खाली टाकला तेव्हाच आप्पांनी लाइन दिली. हे सगळं गँगमधल्या माणसांनी नंतर सांगितलं. मी फक्त आप्पांना अनवाणी पळत जाताना पाहिलं आणि यार्डाच्या बाजूनं पारूकाकीचा आवाज ऐकला, "काय झालं? कुणाला झालं?"

मोठे साहेब त्या दिवशी पूजेला आलेच होते. आप्पांना आत घेऊन त्यांनी कंट्रोल रूमचं दार आतून लावून घेतलं. मी पाटाच्या कोपऱ्याला गुडघ्यात डोकं घालून बसले होते, माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आप्पांनी पाटाकडं बघितलं, कुंकू लागलेला तो बोर्ड बघितला आणि मग मला बघितलं. साहेबांनीही बोर्ड बघितला. खिशातला रुमाल काढून त्यांनी तो पुसला आणि भिंतीवरच्या खुंटीला बाकीच्या बोर्डांत टांगून दिला. "गेलेला काय परत येत न्हाय, आप्पा," ते म्हणाले. "आता दोघांची घरं बुडवायची का एकाचं, तेवढं बघा." भिंतीवर चार लाल बोर्ड रांगेनं टांगलेले होते आणि त्यातला कुठला ते मलाही ओळखता येत नव्हतं.

चौकशीला पुण्याहून अधिकारी आले ते बाराव्या दिवशी. तोवर आमच्या घरात चूल पेटायची ती नावापुरती. आप्पा ताटावर बसून उठायचे. आई दिवसातून तीनदा पारूकाकीकडं जायची, तिला घोटभर चहा पाजायची आणि घरी येऊन न्हाणीत जाऊन रडायची. माझ्याशी आप्पा बारा दिवसांत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटायचं, ते माझं तोंडही बघणार नाहीत आता. अधिकारी भला माणूस होता. आमच्याच घरी खुर्चीवर बसून त्यानं कागद काढले आणि आप्पांचा जबाब घेण्याआधी सहज माझ्याकडं वळून विचारलं, "बाळ, तू त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये होतीस ना? फौंड्री लाइनच्या हँडलवर लाल बोर्ड होता का गं?"

"न्हवता," मी म्हणाले.

"सकाळपासून नव्हता?"

"सकाळपासून न्हवता."

मला कुणी पढवलं नव्हतं. आप्पांची नोकरी जाईल, त्यांना बेड्या घालून नेतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बोलून झाल्यावर मी आप्पांकडं बघितलं. मला वाटलं होतं त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसेल. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांचा हात शर्टाच्या खिशावर घट्ट दाबलेला होता. मग अधिकाऱ्यानं त्यांना विचारलं, "मुलगी म्हणते ते बरोबर आहे?" आप्पा म्हणाले, "पोरगी म्हणती तसंच."

मुकादमानं बोर्ड न लावताच काम सुरू केलं, मृत्यू त्याच्या स्वतःच्या हलगर्जीपणानं झाला, असा निकाल आला. रजिस्टर न उघडल्याबद्दल आप्पांना ताकीद मिळाली, बाकी काही नाही. हलगर्जीपणानं मेलेल्याच्या घरच्या माणसाला खात्यात घेत नाहीत, असा नियम होता. पारूकाकीला झाडूवालीची का होईना नोकरी मिळाली असती, ती गेली. विष्णूला पुढं मिळाली असती, तीही गेली. महिन्याच्या आत तिला क्वार्टर सोडायला लागलं. टेम्पोत सामान चढवताना ती आमच्या दारात आली. आईच्या गळ्यात पडली, आप्पांच्या पायाला हात लावला. "तुमी हुता म्हणून निभलं," ती म्हणाली. आप्पा तसेच आत गेले. पातेलीभर घनसाळ तांदूळ उरला होता, तो ती आमच्याकडं ठेवून गेली. तो आमच्याकडं कुणी शिजवला नाही. त्याला टोके झाले आणि आईनं तो चिमण्यांना टाकला.

आप्पांनी पुढं अठरा वर्षं नोकरी केली. लोड, दलाल, पाणी, असली थट्टा त्यांच्या तोंडून पुन्हा आली नाही. खंडेनवमीला ते रजा टाकायचे आणि दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचे. आमच्या घरात कडाकण्या बंद झाल्या. देवीला फुलोरा नाही म्हणून शेजारणी नावं ठेवायच्या, आई ऐकून घ्यायची. माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. लोक म्हणायचे, आप्पांनी पोरीचं सोनं केलं. आप्पा कधी माझ्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

ते गेल्यावर वर्षभरानं एकदा शेंगा फोडता फोडता आईनं मला सांगितलं. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "अधिकारी आला त्या सकाळी त्यांनी कागुद लिहून खिशात ठेवला हुता. बोर्ड माझ्याच हातनं निघाला, रजिस्टर मी उघडलं न्हाय, दत्तूची काय चूक न्हाय, असं समदं लिवलं हुतं. तुजं नावसुदीक न्हवतं त्यात. नोकरी गेली तर माझ्या भावाच्या गावाला जायाचं, असं आमचं ठरलं हुतं. मी भांडी बी बांधलीती." मी विचारलं, मग दिला का नाही? आईनं शेंगा बाजूला ठेवल्या. "तू आदी बोललीस की गं. त्यांनी कागुद दिला असता तर पोरगी खोटं का बोलली, असं साहेबानं इचारलं असतं. मग तुजं नाव निघालं असतं. संध्याकाळी बंबात टाकला त्यांनी त्यो."

म्हणजे मी आप्पांना वाचवलंच नव्हतं. त्यांना वाचायचं नव्हतंच. दत्तूकाका गेले ते माझ्या हातानं, आणि दत्तूकाकांचं नाव गेलं ते माझ्या तोंडानं. मधली अठरा वर्षं एक सज्जन माणूस माझ्यासाठी खोट्यात राहिला. हे कळल्यावरही मी तीस वर्षं काही केलं नाही. नोकरी होती, मुलं होती, सासूचं दुखणं होतं. कारणांना काय तोटा?

गेल्या वर्षी मी खात्याला पत्र लिहिलं. खातं आता त्या नावानं उरलेलं नाही, दुसऱ्यात मिसळलं; पण पत्ता सापडला. घडलं तसं सगळं लिहिलं आणि निकाल दुरुस्त करा म्हणून विनंती केली. दोन ओळींचं उत्तर आलं. सदर उपकेंद्राचे जुने अभिलेख मुदतीनंतर नष्ट करण्यात आले असल्याने आपल्या अर्जावर कार्यवाही शक्य नाही. आमची कंट्रोल रूमही आता रिकामी असते. लांबच्या शहरात बसलेला कुणीतरी कॉम्प्युटरवरून लाइन बंद-चालू करतो. मी गेटपर्यंत जाऊन बघून आले. ट्रान्सफॉर्मर घुमत होते. वॉचमन म्हणाला, "पावणं, हितं थांबू नगा."

मग मी आजऱ्याला गेले. पारूकाकीचं खेडं शोधायला वेळ लागला नाही. एका खोलीचं घर, पुढं पत्र्याची पडवी. विष्णू दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहे, तो घरी नव्हता. काकी पडवीत बसली होती, दोन्ही हात मांडीवर पालथे. काजूच्या कारखान्यात चाळीस वर्षं बिया सोलल्यात तिनं. बीच्या तेलानं बोटांची टोकं काळी पडून सालं गेलेली. मला ओळखायला तिला दोन मिनिटं लागली आणि मग ती लहान पोरीसारखी हसली. "शालू! आगं, म्हातारी झालीस की गं!" तिनं चहा केला, आईची चौकशी केली, आप्पा कधी गेले ते विचारलं आणि पदरानं डोळे पुसले. मी घरून शब्द जुळवून आणले होते. ते सगळे विसरले.

"काकी, फौंड्री लाइनचा बोर्ड मी काढला होता," मी म्हणाले. "माळ बांधायला. आणि चौकशीला आलेल्या साहेबांना खोटं सांगितलं. काकांची काही चूक नव्हती."

ती रडेल, ओरडेल, मला घालवून देईल, काहीही चाललं असतं. तिनं आपली बोटं उलटीसुलटी करून बघितली.

"मला ठावं हाय की, बोर्ड पाटावर हुता," ती म्हणाली. "कुकू मीच लावलं त्येला. ह्याच बोटांनी."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी इचारलं मला? आंगठा तेवढा घेतला." मग म्हणाली, "आणि काय म्हणून सांगू? मला वाचाय आलं असतं तर मी तितंच बोंब मारली असती. हातात घिऊन कुकू लावलं गं मी, आणि फुडं गेलो. तू काडलास, पर डोळ्याम्होरं माझ्या हुता. माझा न्हवरा, आणि मी न्हाय वाचलं."

मी म्हणाले, तसं नाही काकी, तुमची यात काही चूक नाही. चूक माझी, मला वाचता येत होतं. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती. पन्नास वर्षं तिनं ते एकटीनं वागवलं होतं आणि माझ्या सांगण्यानं त्यातलं तसूभरही मला तिच्याकडून काढून घेता आलं नाही. दोन अक्षरं शिकवून मी पाटी तिच्या दारात टाकून पळाले होते, तेही मला तिथं आठवलं.

चहाचे कप तिनं बाजूला सारले. "एक इचारू? तू मास्तरीण झालीस म्हणं." ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या बोर्डावर काय लिवलं हुतं गं?"

मी सांगितलं. शाळेत सांगायची तसं, एकेक शब्द सुटा करून. "माणूस काम करत आहे. चालू करू नये."

"मानूस काम करत हाय," पारूकाकी म्हणाली. ओठांतल्या ओठांत तिनं ते दोनतीनदा म्हणून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"येवढंच?"

"एवढंच, काकी," मी म्हणाले.